कोलेस्टेरॉलची नवी औषधे आणि यकृत : भीती कुठे खरी, कुठे खोटी?

‘डॉक्टर, कोलेस्टेरॉलच्या गोळीने लिव्हर खराब होते म्हणतात. मग ती घ्यायची तरी कशाला?’

हा प्रश्न मला दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकावा लागतो. विचारणाऱ्यांत शिक्षक असतात, बँकेतले कर्मचारी असतात, शेतकरी असतात आणि शिकलेल्या घरांतल्या गृहिणीही असतात. कुणाला शेजाऱ्याने सांगितलेले असते, कुणी मोबाइलवर आलेला मजकूर उघडून दाखवतो. प्रश्न विचारणे चांगलेच. मला खरी काळजी वाटते ती काहीही न विचारता गोळी बंद करणाऱ्यांची. त्यातही ज्यांच्या घराण्यातच कोलेस्टेरॉल वाढण्याचा दोष आहे, त्यांनी गोळी बंद करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

या आनुवंशिक आजारासाठी गेल्या दहा-बारा वर्षांत बरीच नवी औषधे आली. त्यांपैकी एक-दोन औषधांनी यकृताला खरोखर इजा होऊ शकते. बाकीच्यांची तशी भीती नाही. पण सुक्याबरोबर ओलेही जळते, या न्यायाने सगळीच औषधे बदनाम झाली आहेत. कोणते औषध यकृतावर काय परिणाम करते, ते आज सोप्या भाषेत पाहू.

घराण्यातून येणारे कोलेस्टेरॉल

खाण्यापिण्यामुळे किंवा वजनामुळे वाढणारे कोलेस्टेरॉल वेगळे आणि जन्मतःच वाढलेले कोलेस्टेरॉल वेगळे. दुसऱ्या प्रकारात माणूस सडपातळ असतो, पथ्य पाळतो, रोज फिरायला जातो, तरीही त्याचे एल.डी.एल., म्हणजे रक्तवाहिन्यांत थर साठवणारे कोलेस्टेरॉल, १९०च्या वर असते. कित्येकदा ते २५०-३०० पर्यंत जाते. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सदोष जनुक आले की हा आजार होतो. साधारण २५० ते ३०० माणसांमागे एकाला तो असतो. म्हणजे मध्यम वस्तीच्या गावातही अशी काही घरे असणारच. बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. ‘आमच्या घराण्यात पुरुष लवकर जातात’ एवढेच त्यांना ठाऊक असते.

उपचार न केल्यास अशा पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना पन्नाशीपर्यंत हृदयविकार गाठतो. स्त्रियांत हे प्रमाण साठीपर्यंत सुमारे ३० टक्के आहे.

दोष आई आणि वडील दोघांकडूनही आला, तर आजार फार उग्र होतो. एल.डी.एल. ४००-५००च्या पुढे जाते. लहानपणीच कोपर, गुडघे, टाचेमागची शीर येथे पिवळसर गाठी दिसू लागतात आणि विशीच्या आतच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. असे रुग्ण विरळा, साधारण तीन लाखांत एक. पण आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. नात्यातल्या लग्नात दोघांकडेही तोच दोष असण्याची शक्यता वाढते आणि तसे असेल, तर प्रत्येक अपत्याला हा उग्र आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

यकृत म्हणजे मार्केट यार्डातले गोदाम

औषधांचा यकृताशी संबंध समजण्यासाठी आपल्या मार्केट यार्डातले एखादे मोठे गोदाम डोळ्यांसमोर आणा. यकृत हे असेच गोदाम आहे. तेथे चरबी आणि कोलेस्टेरॉल तयारही होते आणि साठवलेही जाते. हमाल हा माल ट्रकमध्ये भरतात आणि ट्रक रक्ताच्या रस्त्याने शरीरभर जातात. माल उतरवून परत निघालेले, कोलेस्टेरॉलने भरलेले छोटे ट्रक म्हणजे एल.डी.एल. त्यांना आत घेण्यासाठी गोदामाला खास दरवाजे असतात. रक्तातले सुमारे ७० टक्के एल.डी.एल. यकृतच या दरवाजांतून परत आत घेते.

आनुवंशिक आजारात हे दरवाजेच कमी असतात किंवा नीट उघडत नाहीत. ट्रक रस्त्यावर ताटकळत राहतात आणि माल रक्तवाहिन्यांच्या कडेला सांडत जातो. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकेतील दोन डॉक्टरांनी या दरवाजांचा शोध लावला. त्याबद्दल १९८५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

सारा खेळ यकृतातच चालतो, याचा मोठा पुरावा १९८४ साली मिळाला. टेक्सासमधल्या स्टॉर्मी जोन्स या सहा वर्षांच्या मुलीला उग्र स्वरूपाचा आजार होता. तिचे कोलेस्टेरॉल हजाराच्या वर होते आणि हृदय निकामी होत चालले होते. पिट्सबर्ग येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांच्या पथकाने तिच्यावर हृदय आणि यकृत या दोन्हींचे एकाच वेळी प्रत्यारोपण केले. नव्या यकृताचे दरवाजे शाबूत असल्याने तिचे कोलेस्टेरॉल ३०० च्या आसपास उतरले. १९९० साली ती वारली, पण तिच्यामुळे वैद्यकशास्त्राला एक गोष्ट पक्की कळली. या आजारावरचे औषध चालायचे तर ते मुख्यतः यकृतात चालले पाहिजे.

म्हणून ‘हे औषध यकृतावर परिणाम करते का?’ या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ असेच येईल. खरा प्रश्न वेगळा आहे. औषध गोदामाचे दरवाजे उघडते, की माल बाहेर जाण्याची वाट अडवते? यकृताला धोका किती, हे बहुतांशी त्यावर ठरते.

स्टॅटिन : साप म्हणून भुई धोपटणे

अॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन ही नावे अनेकांच्या औषधांच्या डब्यात सापडतील. या गटातल्या पहिल्या औषधाचा शोध जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी १९७०च्या दशकात बुरशीतून लावला. १९८७ साली या गटातली पहिली गोळी अमेरिकेत विक्रीस आली. स्टॅटिनमुळे यकृतात तयार होणारे कोलेस्टेरॉल कमी होते. मालाचा तुटवडा पडला की यकृत आपणहून जादा दरवाजे उघडते आणि रक्तातले एल.डी.एल. आत ओढून घेते. गोदामात माल तुंबत नाही.

सुरुवातीच्या काळात या गोळ्या घेणाऱ्यांच्या यकृताच्या तपासण्या वारंवार करत असत. शंभरातल्या एखाद्या रुग्णात एस.जी.पी.टी. तिपटीहून जास्त वाढलेले दिसे. बहुतेकांत ते आपोआप किंवा मात्रा कमी केल्यावर उतरे. यकृताला गंभीर इजा होण्याचे प्रमाण लाखात एखादे, इतके विरळ आहे. म्हणूनच २०१२ साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी जुना नियम बदलला. गोळी सुरू करण्यापूर्वी एकदा यकृताची तपासणी करावी आणि नंतर काही लक्षण दिसले तरच करावी, असे त्यांनी सांगितले.

‘सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आले आहे, मग स्टॅटिन चालेल का?’ असेही पुष्कळ जण विचारतात. चालते. फॅटी लिव्हर असलेल्या माणसाला यकृतापेक्षा हृदयाचाच धोका बहुधा जास्त असतो. मात्र कावीळ चालू असेल किंवा यकृत निकामी होऊन पोटात पाणी झाले असेल, तर गोळीचा निर्णय तज्ज्ञांवर सोपवावा.

भीती खरी आहे अशी दोन औषधे

दोन्हीकडून दोष आलेल्या रुग्णांत दरवाजेच नसतात, त्यामुळे स्टॅटिनचा फारसा उपयोग होत नाही. मग शास्त्रज्ञांनी दुसरी युक्ती काढली. गोदामातून ट्रक बाहेरच पडू द्यायचे नाहीत.

लोमिटापाइड ही गोळी अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये मंजूर झाली. ट्रकमध्ये चरबी भरणाऱ्या हमालांचे काम ती थांबवते. एल.डी.एल. झपाट्याने उतरते. उग्र आजाराच्या २९ रुग्णांवर तिची चाचणी झाली. ज्या २३ जणांनी ती पूर्ण केली, त्यांचे एल.डी.एल. सहा महिन्यांत निम्म्यावर आले. पण ट्रक भरले गेले नाहीत, तर चरबी जाणार कुठे? ती गोदामातच साठली. यकृतातली चरबी सुरुवातीला सुमारे १ टक्का होती. तिच्यात आणखी ६ टक्क्यांची भर पडली. २९ पैकी १० जणांचे एस.जी.पी.टी. किंवा एस.जी.ओ.टी. कधी ना कधी तिप्पट किंवा त्याहून जास्त झाले.

मायपोमर्सेन हे आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन जानेवारी २०१३ मध्ये आले. हे औषध ट्रकचा सांगाडाच तयार होऊ देत नाही. परिणाम तोच, म्हणजे यकृतात चरबी साठते. युरोपच्या नियामकांनी ते मंजूरच केले नाही आणि अमेरिकेतही त्याची विक्री २०१९ साली थांबली.

अमेरिकेत या दोन्ही औषधांच्या माहितीपत्रकावर यकृताच्या धोक्याची ठळक चौकटीतली सूचना छापणे सक्तीचे झाले. मोबाइलवर फिरणाऱ्या भीतीचे एक मूळ येथे आहे. पण ही औषधे मूठभर रुग्णांसाठी आहेत, ज्यांना दुसरा मार्गच कमी. लोमिटापाइड हा आजार नसलेल्या, साध्या कोलेस्टेरॉलच्या रुग्णांसाठीही खपवल्याबद्दल तिच्या उत्पादक कंपनीला अमेरिकेत २०१७ साली गुन्हा कबूल करून मोठा दंड भरावा लागला. उग्र आजारात ज्या औषधाचा धोका पत्करणे योग्य, तेच साध्या आजारात देणे अयोग्य, हा त्यातला धडा.

मोठ्या रुग्णालयातून कुणाला लोमिटापाइड सुरू झाली असेल, तर पुढील गोष्टी काटेकोर पाळाव्यात. गोळी सुरू करण्यापूर्वी यकृताच्या तपासण्या कराव्यात. पहिल्या वर्षी दर महिन्याला आणि मात्रा वाढवण्याआधी, त्यानंतर दर तीन महिन्यांनी त्या पुन्हा कराव्यात. एस.जी.पी.टी. तिप्पट झाले तर मात्रा कमी करतात, पाचपट झाले तर औषध थांबवतात. रोजच्या आहारात स्निग्ध पदार्थांतून येणारी उष्मा २० टक्क्यांहून कमी हवी, नाहीतर जुलाब आणि पोटदुखीने माणूस हैराण होतो. दारू वर्ज्यच समजावी. गरोदरपणात ही गोळी अजिबात चालत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. गजकर्णासाठी सर्रास घेतली जाणारी इट्राकोनाझोल आणि घसा किंवा छातीच्या संसर्गावर दिली जाणारी क्लॅरिथ्रोमायसिन या औषधांबरोबर लोमिटापाइड घेऊ नये. रक्तातले तिचे प्रमाण अनेक पटींनी वाढते. काही स्टॅटिन गोळ्यांशीही या औषधांचे जमत नाही. त्यात स्नायूंना इजा होण्याची भीती असते. तेव्हा मेडिकल दुकानातून परस्पर गोळ्या आणण्याची सवय सोडा आणि प्रत्येक डॉक्टरला आपली सर्व औषधे दाखवा.

नंतर आलेली औषधे

२००३ साली फ्रान्समधील काही कुटुंबांचा अभ्यास करताना पी.सी.एस.के.९ या प्रथिनाचा या आजाराशी संबंध लक्षात आला. हे प्रथिन यकृताचे दरवाजे मोडून टाकते. २०१५ साली त्याला पकडून ठेवणारी अॅलिरोकुमॅब आणि इव्होलोकुमॅब ही इंजेक्शने आली. ती साधारण दोन आठवड्यांनी कातडीखाली घेतात. स्टॅटिनच्या जोडीला दिल्यास एल.डी.एल. आणखी ५० ते ६० टक्क्यांनी उतरते. ही औषधे दरवाजे वाचवतात, माल अडवत नाहीत. त्यामुळे यकृतात चरबी साठण्याचा त्रास त्यांच्यात दिसलेला नाही. इन्क्लिसिरॅन हे इंजेक्शन युरोपात २०२० आणि अमेरिकेत २०२१ साली मंजूर झाले. ते यकृतात पी.सी.एस.के.९ तयारच होऊ देत नाही. पहिले इंजेक्शन, तीन महिन्यांनी दुसरे आणि पुढे सहा महिन्यांतून एक, असा त्याचा क्रम आहे. यकृताच्या बाबतीत तेही आतापर्यंत सुरक्षित ठरले आहे. या इंजेक्शनांची मोठी अडचण म्हणजे त्यांची किंमत.

बेंपेडोइक अॅसिड ही गोळी आपल्याकडेही मिळते. स्टॅटिनने ज्यांचे स्नायू दुखतात त्यांना ती उपयोगी पडते, कारण ती यकृतात गेल्यावरच कार्यरत होते, स्नायूंत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ही गोळी घेणाऱ्या ४.५ टक्के रुग्णांत यकृताची एन्झाइम्स वाढलेली आढळली. नुसती नकली गोळी घेणाऱ्यांतही हे प्रमाण ३ टक्के होते. फरक आहे, पण थोडा. युरिक अॅसिड वाढून सांधे सुजण्याचा त्रास मात्र लक्षात ठेवावा.

दरवाजे नसलेल्या रुग्णांसाठी २०२१ साली अमेरिकेत इव्हिनाकुमॅब हे महिन्यातून एकदा सलाइनमधून द्यायचे औषध मंजूर झाले. ते दरवाजांवर अवलंबून नाही. एल.डी.एल. जवळजवळ निम्म्याने उतरवते आणि यकृतात चरबीही साठू देत नाही. म्हणजे २०१२-१३ साली जो धोका पत्करावा लागत होता, त्याला आता पर्याय आहे. तो आपल्यापर्यंत परवडेल अशा दरात येईल, तो दिवस खरा.

एस.जी.पी.टी. वाढले म्हणजे काय?

हे एन्झाइम यकृताच्या पेशींत असते. पेशींना त्रास झाला की ते रक्तात उतरते. समजा लॅबच्या अहवालात कमाल मर्यादा ४० आहे आणि आपला आकडा ६० किंवा ७० आला, तर घाबरण्याचे कारण नाही. डॉक्टर लक्ष ठेवतील आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासतील. १२०च्या वर, म्हणजे तिपटीहून जास्त आला आणि पुन्हा तपासूनही तसाच राहिला, तर औषधाचा फेरविचार करावा लागतो. बिलिरुबिनही वाढले असेल, तर लगेच डॉक्टरांना गाठावे.

आकड्यांपेक्षाही लक्षणे महत्त्वाची. डोळे पिवळे होणे, लघवी गडद पिवळी होणे, भूक मरणे, सतत मळमळ, उजव्या बरगडीखाली दुखणे, अंगाला खाज सुटणे, कमालीचा थकवा. यांपैकी काही दिसल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

एस.जी.पी.टी. वाढण्याचे कारण दर वेळी कोलेस्टेरॉलची गोळीच असते असेही नाही. दारू, वाढलेले पोट, मधुमेह, ब आणि क प्रकारची कावीळ, क्षयाची औषधे, तापात घेतलेल्या पॅरासिटामॉलच्या भरमसाट गोळ्या ही कारणे मला रोज दिसतात. त्यात ‘झाडपाल्याचे आहे, त्याने काय होणार’ म्हणून घेतलेली चूर्णे आणि काढेही असतात. करोनाच्या साथीत गुळवेलीचा काढा घरोघर चालू होता. २०२० च्या अखेरीस मुंबईतील यकृततज्ज्ञांना तो घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताची सूज आढळली आणि २०२१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. वाद काहीही असो, आपण जे जे पोटात घेतो ते डॉक्टरांना सांगावे, एवढे तरी सगळ्यांनाच मान्य व्हावे.

माझ्याकडे येणारे एक माध्यमिक शिक्षक आहेत. वय बेचाळीस. वडील त्रेचाळिसाव्या वर्षी झटक्याने गेले, थोरल्या भावाची अडतिसाव्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. सरांचे एल.डी.एल. २६० होते, गोळ्यांनी ते १०५ पर्यंत आले. मग एका तपासणीत एस.जी.पी.टी. ६८ निघाले. एका नातेवाइकाने गोळी बंद करायला सांगितली आणि ‘लिव्हर टॉनिक’ची बाटली हातात दिली. सर सात महिन्यांनी आले ते जिना चढताना छाती भरून येते म्हणून. एल.डी.एल. पुन्हा २५० च्या पुढे होते आणि एस.जी.पी.टी. ७१! म्हणजे गोळी सोडूनही ते उतरले नव्हते. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघाले. पोटाचा घेर वाढला होता, हेच त्याचे कारण. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांची अँजिओग्राफी झाली, एक स्टेंट बसला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सहा किलो वजन उतरवल्यावर एस.जी.पी.टी. गोळ्या चालू असतानाच ४४ वर आले. त्यानंतर मी त्यांना एकच आग्रह केला. ‘सर, आता मुलीचे रक्त तपासून घ्या.’ अकरा वर्षांच्या त्या मुलीचे एल.डी.एल. २१० निघाले.

घरातल्या बाकीच्यांचे काय?

एकाला हा आजार निघाला, की त्याच्या सख्ख्या भावंडांना आणि प्रत्येक मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून सर्वांची लिपिड तपासणी करावी. मुलांची तपासणी दोन वर्षांनंतर केव्हाही करता येते, ती दहाव्या वर्षापलीकडे लांबवू नये. आई-वडील दोघांनाही आजार असेल, तर मुलाची तपासणी शक्य तितक्या लवकर करावी. मुलांना साधारण आठ ते दहा वर्षांच्या वयापासून तज्ज्ञांच्या सल्ल्याने स्टॅटिन सुरू करतात.

‘एवढ्या लहान वयात गोळी?’ असे आई-वडील विचारतात, ते स्वाभाविक आहे. त्यांच्यासाठी नेदरलँड्समधील एका अभ्यासाचे उत्तर आहे. तेथे या आजाराच्या २१४ मुलांना लहानपणी स्टॅटिन सुरू करून वीस वर्षे त्यांचा पाठपुरावा केला. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वयाच्या ३९ व्या वर्षापर्यंत त्यांच्यातल्या १ टक्क्याला हृदयविकाराची घटना घडली होती. त्यांच्याच आजारी आई-वडिलांत त्याच वयापर्यंत हे प्रमाण २६ टक्के होते. या आई-वडिलांना लहानपणी हे औषध उपलब्ध नव्हते. मुलांपैकी हृदयविकाराने कुणीही दगावले नाही, आई-वडिलांत ७ टक्के दगावले होते.

वाचकांनी लक्षात ठेवावे

१) एल.डी.एल. १९०च्या वर असेल किंवा घरात पन्नाशीच्या आत हृदयविकार झाला असेल, तर आनुवंशिक आजाराची शंका घेऊन सर्व कुटुंबाची तपासणी करावी.

२) स्टॅटिन सुरू करण्यापूर्वी एकदा एस.जी.पी.टी. पाहावे. पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा किंवा लक्षण दिसल्यास पाहावे.

३) एस.जी.पी.टी. थोडे वाढले म्हणून स्वतःहून गोळी बंद करू नये. अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जावे.

४) लोमिटापाइड चालू असलेल्यांनी मात्र ठरलेली एकही तपासणी चुकवू नये.

५) दारू, परस्पर आणलेल्या गोळ्या आणि अनोळखी चूर्णे यांपासून यकृताला जपावे.

६) गरोदर स्त्रियांनी आणि दिवस राहण्याचा विचार असलेल्यांनी कोलेस्टेरॉलच्या औषधांबद्दल आधीच डॉक्टरांशी बोलावे.

सरांची मुलगी आता बारा वर्षांची आहे. तज्ज्ञांच्या सल्ल्याने ती रात्री एक छोटी गोळी घेते आणि शाळेच्या खो-खो संघातून खेळते. मागच्या महिन्यात तिचे एल.डी.एल. १२६ आणि एस.जी.पी.टी. २२ होते. आता तिच्या काकांच्या दोन्ही मुलांचे रक्त तपासायचे राहिले आहे.